परदेशी जाताना पिनेआधी पाटी पाहा

कोकणातून आणि मालेगाव-भिवंडीतून आखातात कामाला जाणारे आमचे कारागीर बांधव सामानात स्वतःचे हत्यार हमखास ठेवतात. कुणाची शिलाई यंत्राची मोटार, कुणाचे ड्रिल, कुणाची इस्त्री. सोबत एक अ‍ॅडॉप्टर घेतला की झाले, असा सर्रास समज आहे. तो महागात पडू शकतो.

अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार जुळवतो. विजेचा दाब बदलत नाही. म्हणून आधी यंत्रावरची पाटी वाचावी. '100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे असेल तर साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. मोबाईलच्या चार्जरवर बहुधा तसेच असते. नुसते '230 व्होल्ट, 50 हर्ट्झ' असेल तर देश पाहिला पाहिजे.

दुबई, मस्कत, कुवेत, कतार येथे वीज आपल्यासारखीच आहे. फरक तीन चपट्या पिनांच्या ब्रिटिश सॉकेटचा. त्यात आपली दोन पिनांची प्लग घालण्यासाठी वरच्या भोकात पेन खुपसण्याची काहींना सवय असते. ती जिवावर बेतेल! ते भोक अर्थिंगचे आहे, आणि धातूच्या इस्त्रीला अर्थिंग हवेच.

सौदी अरेबियाची गोष्ट निराळी. तेथे 60 हर्ट्झ वीज आहे. शिवाय घराघरांत 127 व्होल्टची जोडणी असे; 230 व्होल्टकडे टप्प्याटप्प्याने वळण्याचा निर्णय सरकारने 2010 मध्ये घेतला. तेव्हा जुन्या इमारतीत विचारल्याशिवाय प्लग लावू नये. 127 व्होल्टवर आपल्या इस्त्रीला जेमतेम तीस टक्के उष्णता मिळते. ट्रान्सफॉर्मरने दाब वाढेल, हर्ट्झ मात्र बदलणार नाहीत. शिलाई कारखान्यातली 1440 फेऱ्यांची क्लच मोटार तेथे 1700 च्या वर पळते. सुईही तितकीच वेगाने पडते आणि नाजूक कापडावर काम बिघडते. मोटारीला लहान पुली बसवली की वेग उतरतो. ड्रिल-ग्राइंडरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटारीला हा त्रास नाही.

अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावरचे अँपिअर पाहावेत. हजार वॉटची इस्त्री चार अँपिअरहून अधिक ओढते; चार्जरपुरता बनवलेला स्वस्त अ‍ॅडॉप्टर तिच्यासाठी नाही.

अमेरिकेत 120 आणि जपानमध्ये 100 व्होल्ट, म्हणजे येथली इस्त्री घरीच ठेवावी. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपली 15 अँपिअरची जाड पिनांची प्लग तेथल्या जुन्या सॉकेटात थेट बसते. डर्बनला जाणाऱ्यांनी तीच लावून न्यावी.