समोरचा दात आणि कसारा लोकल

ओठ मिटून हसणारे दोघं-तिघं प्रत्येक वर्गात असतातच. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, रीलमध्ये तोंडावर हात. कुणाचा पटाशीचा दात कबड्डीत तुटलेला, कुणाचा बाईकवरून पडून गेलेला, तर कुणाचे दात नुसतेच पिवळे. इंटरव्ह्यू जवळ आला की मोबाइलवर शोध सुरू होतो, ‘स्माइल मेकओव्हर’ कितीला?

शहापूर-मुरबाडच्या मुलांनी पैशांसोबत आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात : खेपा किती होतील आणि केलेलं परत फिरवता येईल का?

पिवळेपणापासून सुरू करू. चहाचे डाग, किटण, मशेरीचा थर हे बऱ्याचदा साध्या क्लीनिंगने निघतं. त्याने दात झिजतात, हिरड्या सुटतात ही गावोगावची समजूत चुकीची आहे. किटण निघाल्यावर दातांमधल्या फटी दिसू लागतात, एवढंच. लिंबू-सोड्याचे रील मात्र सोडून द्या. आम्लाने इनॅमल विरघळतं आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. (मशेरीलाही लोक ‘दातांचं औषध’च म्हणतात. पण टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे!) क्लीनिंगनंतरही रंग खटकला तर ब्लीचिंग. पण त्याने कॅपचा किंवा सिमेंटचा रंग बदलत नाही.

खरी गंमत व्हेनिअरची. दातावर पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा चिकटवतात, म्हणून जाहिरातीत सगळं सोपं दिसतं. त्यासाठी बहुतेक वेळा चांगल्या दाताचं इनॅमल थोडं घासावं लागतं, हे तिथे कुणी मोठ्याने सांगत नाही. एकदा घासलं की तो दात कायमचा झाकलेला ठेवावा लागतो, आणि काही वर्षांनी व्हेनिअर बदलायचं ते वेगळंच. विशीत सहा-आठ निरोगी दात घासून घेणं मला तरी पटत नाही. कोपरा उडालेला असेल तर दाताच्या रंगाचं काँपोझिट लावून तो बहुधा एका खेपेत भरता येतो.

दात पूर्णच गेला असेल तर ब्रिज, इम्प्लांट किंवा काढता-घालता दात. ब्रिजसाठी शेजारचे दात घासतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात, जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत तो बसवत नाहीत आणि तंबाखू चालू असेल तर तो निकामी होण्याची शक्यता वाढते. काढत्या दाताला ‘म्हाताऱ्याची कवळी’ म्हणून हसतात, पण पैसे जमेपर्यंत तो काम भागवतो.

स्वस्तात आणि शिकलेल्या हातांकडून काम हवं असेल तर सीएसएमटी स्टेशनजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय. आसनगावहून लोकलने दोनेक तास. मुरबाडला रेल्वेच नाही, म्हणजे आधी एसटीने कल्याण. अशा चार-पाच खेपा धरा आणि परीक्षेच्या महिन्यात सुरुवात करू नका. त्याआधी शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कधी भेटतात ते विचारून या. क्लीनिंगसाठी मुंबई कशाला?

या खेपा टाळायलाच लोक बाजारातल्या ‘फिक्स दातवाल्या’कडे जातात. तो तारेने किंवा अ‍ॅक्रिलिकने खोटा दात शेजारच्या दातांना जखडून टाकतो. खाली अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि धरून ठेवणारे चांगले दातही हलू लागतात. दंतवैद्यकाचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. नोंदणीशिवाय दातांवर उपचार करणं कायद्याने गुन्हा आहे.

कबड्डीवाल्यांसाठी एक. दात मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका. मातीचा असेल तर नुसता पाण्यातून काढा आणि जमलं तर जागेवर बसवा. नाहीतर टपरीवरून कपभर थंड दूध घ्या, त्यात दात टाका आणि तासाभराच्या आत जवळचा डेंटिस्ट गाठा. तोच दात परत बसू शकतो.