संत्र्याला दिलेला ताण

अमरावतीहून मोर्शीमार्गे वरुडकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा सोबतीला येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चुडामणी नदीकाठी वसलेल्या या गावाला कौतुकानं ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. बाजारात मात्र इथलं फळ ‘नागपुरी संत्रा’ म्हणूनच विकलं जातं. वरुडच्या नावावर हा थोडा अन्यायच!

संत्र्याचं झाड फुलतं ते तहानेमुळं. पाणी सतत मिळत राहिलं, तर ते पालवीच काढत बसतं. फुलं येतात ती तुरळक, केव्हाही. म्हणून बागाईतदार ठरवून ओलित बंद करतो. याला ताण देणं म्हणतात. मध्यम जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत त्याहून जास्त. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग पाणी सोडलं, की झाड एकदम फुलावर येतं. यात अंदाज चुकला, ताण लांबला, तर फांद्या वाळून सल पडते. पाणी केव्हा सोडायचं, हे जुना बागवान पान पाहूनच सांगतो.

हिवाळ्यात ताण दिला, की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो आणि दिवाळीच्या आगेमागे फळ उतरू लागतं. मे महिन्यात ताण देऊन पावसावर फुलवतात तो मृग बहार. त्याची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मृगाला आभाळ फुकट पाणी देतं, पण पाऊस लांबला की बहार फसतो. आंबियाचं फूल हमखास. मात्र त्याची कोवळी फळं वऱ्हाडातला सगळा उन्हाळा झाडावर काढतात. त्यांना पाणी द्यायचं कुठून?

विहिरीतून. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आल्या, आणि शेजाऱ्याची बोअर खोल गेली म्हणून आपलीही खोल गेली. जमिनीत मुरतं त्यापेक्षा जास्त पाणी उपसलं गेलं आणि वरुड-मोर्शी भाग ‘डार्क झोन’मध्ये गेला. 2019च्या उन्हाळ्यात इथल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. कुणी टँकरनं झाडं जगवली, कुणी कुऱ्हाड लावली.

ज्वारी बुडाली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेली संत्र्याची कलम मात्र लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी धरायला येते. तोवर तिलाही उन्हाळाभर पाणी लागतंच, आणि ते त्याच बोअरमधून काढायचं असतं.