साडेत्रेचाळीस फूट म्हणजे ४३.५, मग ४३ फूट ५ इंच म्हणजे किती?

पावसाळ्यात कोल्हापुरात एक प्रश्न ठरलेला असतो, "पाणी किती फुटावर आलंय?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्यांना हे आकडे पाठ आहेत.

आता समजा, तुमच्या मोबाईलवर आधी '४३.९' असा मेसेज आला आणि थोड्या वेळाने '४३.१०' असा. पाणी चढलं की उतरलं?

लिहिणाऱ्याच्या मनात फूट आणि इंच असतील तर पाणी एक इंच चढलंय. पण हेच आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले तर तो म्हणेल, पाणी उतरलं! कारण त्याच्या लेखी ४३.१० म्हणजे ४३.१, आणि ते ४३.९ पेक्षा लहान. सामान हलवायचं की थांबायचं हे ज्या आकड्यावर ठरतं, तिथे हा घोळ परवडणारा नाही.

दशांश चिन्ह म्हणजे दोन एककांमधली भिंत नव्हे. त्याच्या उजवीकडचं पहिलं घर दहाव्या भागाचं, दुसरं शंभराव्या भागाचं. फुटाचे भाग मात्र बारा. म्हणून इंचांना आधी १२ ने भागायचं. ५ इंच म्हणजे ५ ÷ १२ = सुमारे ०.४२ फूट, म्हणून ४३ फूट ५ इंच म्हणजे ४३.४२ फूट. आपले जुने शब्द इथे कामाला येतात: पाव फूट ३ इंच, अर्धा ६, पाऊण ९. म्हणजे साडेत्रेचाळीस (४३.५) फूट म्हणजे ४३ फूट ६ इंच.

रुपयांत ही अडचण येत नाही, कारण १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. त्याआधी सोळा आणे होते. तरी तिथेही ४३ रुपये ५ पैसे हे ४३.०५ असंच लिहावं लागतं, ४३.५ नाही.

आता गुणाकार. साडेत्रेचाळीस फुटांचे मीटर करू. १ फूट = ०.३०४८ मीटर.

दशांश चिन्हं क्षणभर विसरा: ४३५ × ३०४८ = १३२५८८०. आता उजवीकडची घरं मोजा. ४३.५ मध्ये एक, ०.३०४८ मध्ये चार, एकूण पाच. उत्तर १३.२५८८० मीटर.

घरांची बेरीज का करायची? ४३.५ म्हणजे ४३५ भागिले १०, आणि ०.३०४८ म्हणजे ३०४८ भागिले १०,०००. चिन्हं विसरलो तेव्हा हे दोन्ही भागाकार बाजूला ठेवले होते. ते परत करायचे, म्हणजे एकूण १,००,००० ने भागायचं. पाच शून्यं, म्हणून पाच घरं.

"गुणाकार केला आणि संख्या लहान कशी झाली?" असं वाटेल. एकापेक्षा लहान धन संख्येने गुणलं की असंच होतं: ४३.५ चा जेमतेम तिसरा हिस्सा घेतलाय. नदीचं पाणी तेवढंच आहे, मोजायची पट्टी मोठी झाली.

शेवटी एक सवय लावून घ्या, लॅबमध्ये आम्ही रोज वापरतो. आधी ढोबळ अंदाज काढायचा: ४३ × ०.३ म्हणजे १३ च्या आसपास. उत्तर १३२ किंवा १.३ आलं, तर चिन्ह चुकीच्या घरात पडलंय हे लगेच कळतं.