आधी दारू की आधी दुखणे?

आमच्या भागात माणूस फार पिऊ लागला की घरचे लोक तीन उपाय करतात. गळ्यात तुळशीची माळ घालतात, देवापुढे शपथ घ्यायला लावतात, आणि तो बिनलग्नाचा असेल तर त्याचे लग्न लावून देतात. पहिल्या दोन उपायांनी काहींची दारू खरोखर सुटते. वारीला लागून सुधारलेली माणसे मी पाहिली आहेत. तिसऱ्याने मात्र एकाच्या जागी दोघांचे वाटोळे होते. पण ज्याला दारू हेच औषध वाटते, त्याची माळ महिन्याभरात का उतरते?

दारू मेंदूला मंदावते. रोज असे होऊ लागले की मेंदूही तोल सांभाळण्यासाठी आपला वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की दाब जातो आणि वेग तेवढाच राहतो. मग हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाला भिंतीवर किडे दिसू लागतात. खेड्यात त्याला 'बाहेरचे लागले' म्हणतात. जुन्या पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवणे जिवावर बेतू शकते, म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. ते औषधे देतात, ब-1 जीवनसत्त्व देतात, आणि साधारण आठवड्याभरात शरीर सावरते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

माझे धाकटे काका 30 सप्टेंबर 1993 रोजी 11 वर्षांचे होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तिकडची जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे माळवद. ऊन लागू नये म्हणून घातलेले ते माळवदच झोपलेल्यांवर आले. काका दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होते. शेजारी आत्या होती. ती वाचली नाही. पुढे नव्या गावठाणात घर मिळाले, पण काका छताखाली झोपेनात. सोळाव्या वर्षी कुणीतरी त्यांना पाजली आणि त्या रात्री त्यांना पहिल्यांदा सलग झोप लागली. हे त्यांनीच मला सांगितले आणि लिहायलाही त्यांनीच सांगितले.

अशा आघाताचे वैशिष्ट्य असे की मन त्याला भूतकाळात जमा करत नाही. रस्त्याने जड ट्रक गेला, खिडकी हादरली, की काकांसाठी ती पहाट पुन्हा उजाडते. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांतही हेच दिसले, आणि अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने 1980 साली या विकाराला आपल्या सूचीत स्वतंत्र नाव दिले. त्याच सैनिकांविषयी ली रॉबिन्स या विदुषींचे संशोधन प्रसिद्ध आहे. तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते अवघे 5 टक्क्यांच्या आसपास. युद्ध मागे राहिले, तशी गरजही मागे राहिली. मला वाटते, ज्याचे युद्ध त्याच्याबरोबर घरी येते, त्याचा प्रश्न वेगळा.

इथे एक जुना घोळ आहे. व्यसन सोडवणारे म्हणत, आधी डोके ठिकाणावर आणा. मनाचे डॉक्टर म्हणत, आधी दारू सोडून या. काकांनी या दोन दारांमध्ये चार वर्षे घालवली. दारू सुटल्यावरची उदासी दारूचीच की आधीची, हे कळायला डॉक्टर सुमारे महिनाभर वाट पाहतात, ते योग्यच आहे. पण वाट पाहणे म्हणजे परत पाठवणे नव्हे.

ज्युडिथ हर्मन यांनी 1992 साली मांडले की आघातातून सावरण्याची पहिली पायरी म्हणजे सुरक्षितता. गोष्ट उकरून काढणे नंतर. लिसा नजाविट्स यांनी 2002 मध्ये व्यसन आणि आघात या दोहोंवर एकत्र उपचाराची पद्धत पुस्तकरूपाने दिली. तीत घाबरा क्षण आला की आजूबाजूच्या वस्तूंची नावे घ्यायची, हाताला लागेल ते चाचपायचे, म्हणजे मन आजच्या तारखेला परत येते. काका माठाला हात लावतात आणि कोंबड्या मोजतात. आजीला वाटते, ते कोंबड्यांवर फार लक्ष ठेवू लागले.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ 1935 साली सुरू झाली. तिचे एक संस्थापक बिल विल्सन दारू सुटल्यावरही कित्येक वर्षे उदासीच्या विकाराने त्रस्त होते. तेव्हा सभेला जाणाऱ्याने मनोविकाराची गोळी घेतली तर त्यात कमीपणा कसला? आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारही मानसिक आजारांत धरले आहेत. 2022 पासून 14416 या क्रमांकावर फोन करून फुकट सल्लाही मिळतो.

मागच्या पावसाळ्यात काका एकदा घसरले. घरात रडारड झाली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी त्या आठवड्यात काय काय घडले ते विचारले. शेजारची जुनी भिंत पावसाने रात्री कोसळली होती. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले, औषधाची वेळ बदलली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितले. काका अजून अंगणातच झोपतात. त्याबद्दल डॉक्टर काही म्हणालेले नाहीत.