तान्ह्या बाळासाठी तयार प्रतिपिंडे

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते, ते दिवस पावसाचे आणि घरोघरी सर्दी-खोकल्याचे. थोरांची सर्दी आठवड्यात ओसरते. तीच दोन महिन्यांच्या बाळाला जडली, म्हणजे ‘सर्दीच आहे, वेखंड लावा’ असे म्हणण्यात दोन दिवस जातात आणि कधीकधी तेच महागात पडतात.

या सर्दीमागे पुष्कळदा आरएसव्ही हा विषाणू असतो. दोन वर्षांचे होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होऊन जाते. बहुतेक मुले बरी होतात. परंतु लहान अर्भकाच्या बारीक श्वासनलिका सुजून चोंदतात. जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके याने दगावतात. त्यांतील जवळजवळ निम्मी सहा महिन्यांखालील असतात. मेळघाटातील आदिवासी गावांत २०१६ पासून झालेल्या पाहणीत घरीच दगावलेल्या बालकांतही हा विषाणू आढळला. असे मृत्यू रुग्णालयाच्या नोंदवहीत येत नाहीत.

एवढ्या कोवळ्या वयात शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्यास अवसर मिळत नाही. मग लस का निघाली नाही? निघाली होती. १९६० च्या दशकात अमेरिकेत मृत विषाणूंची लस टोचलेल्या बालकांना पुढे लागण होताच आजार उलट अधिक तीव्र झाला आणि दोन बालके दगावली. त्यानंतर संशोधक कित्येक वर्षे बिचकून होते, आणि ते स्वाभाविकच होते. विषाणूच्या पृष्ठभागावरील ‘एफ’ प्रथिन पेशीत शिरताना आपला आकार बदलते. खरी प्रभावी प्रतिपिंडे मूळ आकारावरच बसतात. तो आकार २०१३ साली स्थिर करता आला आणि कोंडी फुटली.

आज दोन मार्ग उपलब्ध आहेत. गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत लस दिली, की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. मात्र बाळ फार लवकर जन्मले तर हा वाटा अपुरा पडतो. दुसरा मार्ग तयार प्रतिपिंडाचा. १९९८ पासून वापरात असलेले इंजेक्शन हंगामात दरमहा द्यावे लागे व ते अतिशय महाग होते; निरसेविमॅब हे नवे प्रतिपिंड एका मात्रेत सुमारे पाच महिने टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली या दोन्ही मार्गांची शिफारस केली. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात मात्र त्यांचा अद्याप समावेश नाही.

तोवर गावाच्या हाती घड्याळ आहे. गडचिरोलीत विकसित झालेली घरोघरी नवजात सेवेची पद्धत आता आशा कार्यकर्तीमार्फत सर्वत्र पोहोचली आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० वा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक भरले, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ अंगावर पिईनासे झाले, तर रात्र असली तरी वाहन काढावे. ग्रामपंचायतीने त्या वाहनाची सोय पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावी.