चौदा रकान्यांत न मावणारं घर

महाराष्ट्रात घर विकलं गेलं की त्या व्यवहाराचं एक पान मागे उरतं. त्याचं सरकारी नाव सूची क्रमांक दोन, पण बँकेत, वकिलाकडे आणि दुय्यम निबंधकाच्या दारात सगळे त्याला ‘इंडेक्स टू’च म्हणतात. त्यात चौदा रकाने असतात. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं, तारखा, मुद्रांक शुल्क. सहाव्या रकान्यात तर अजूनही ‘आकारणी किंवा जुडी’ विचारलेली असते. जुडी म्हणजे इनाम जमिनीवरचा नाममात्र सारा. इतकं जुनं जपणाऱ्या या पानावर विक्रीच्या दिवशी घर कसं होतं, हे मात्र कुठेच नसतं.

याहून नवलाची गोष्ट १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. २००१ मध्ये आलेलं त्यातलं कलम ३२-अ विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे फोटो व बोटांचे ठसे दस्ताला लावायला सांगतं. माणसांचे चेहरे सरकारदरबारी राहतात. ज्या घरासाठी ही माणसं तिथे आली, त्याचा चेहरा ठेवावा असं हे कलम म्हणत नाही.

व्हॅल्युअरची खरी अडचण इथे सुरू होते. घराची किंमत काढताना तो शेजारपाजारची अलीकडे विकली गेलेली घरं शोधतो आणि दोन घरांतल्या फरकानुसार रक्कम वरखाली करतो. छत्रपती संभाजीनगरात सिडकोने १९७०च्या दशकापासून ‘एन’ क्रमांकाचे सेक्टर वसवले. तिथे एकाच नकाशावर बांधलेल्या घरांच्या ओळीच्या ओळी आहेत. कागदावर दोन घरं जुळ्या भावांसारखी. प्रत्यक्षात एकात जुनीच शहाबादी फरशी आणि पावसाळ्यात ओलावणारा स्लॅब. दुसऱ्यात नवं स्वयंपाकघर, नवी वायरिंग, वर चढवलेला मजला. वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळाला पाणी आलेल्या या शहरात अंगणातला हौद, बोअर आणि गच्चीवरच्या टाक्यासुद्धा किमतीत उतरतात. क्षेत्रफळाच्या रकान्यात त्यांना जागा नाही.

मग व्हॅल्युअरने जाऊन ते विकलेलं घर पाहावं की! पण तोवर नव्या मालकाने भिंती पाडलेल्या असतात, रंग दिलेला असतो. आज दिसतं ते आजचं घर. किंमत मोजली गेली ती दोन वर्षांपूर्वीच्या घराची. ते घर आता एकाच जागी सापडण्याची शक्यता असते, विक्रीच्या जाहिरातीसाठी दलालाने घाईघाईत मोबाइलवर काढलेल्या दहा-बारा फोटोंत.

अशा सामान्य फोटोंत किती काही दडलेलं असतं! खोलीचंच घ्या. वाइड लेन्स लहानशा बेडरूमचा दिवाणखाना करून दाखवते, पण जमिनीवरच्या फरश्यांची संख्या तिला बदलता येत नाही. बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती व्हिट्रिफाइड टाइल ६०० मिलिमीटरची असते. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला पाच मोजल्या, की खोली साधारण बारा बाय दहा फुटांची. घराला हात न लावता, वर्षं उलटून गेल्यावर, बसल्या जागी माप निघतं.

त्याहून मला थक्क करतो तो उन्हाचा कवडसा. छत्रपती संभाजीनगर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो, आणि मार्चच्या २१ तारखेच्या आसपास परत येईपर्यंत इथल्या उत्तरेकडच्या खिडकीत थेट ऊन शिरतच नाही. आता समजा, विकलेल्या फ्लॅटच्या दस्तातली चतुःसीमा सांगते की हॉलच्या बाजूला, उत्तरेस, रस्ता आहे. जाहिरातीतल्या फोटोत मात्र उंबऱ्याशी ताजी रांगोळी, पणत्या, गॅलरीत आकाशकंदील, आणि रस्त्याकडच्या खिडकीतून फरशीवर पडलेला उन्हाचा लांब पट्टा. दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. समोरच्या काचेवरून आलेली तिरीप नसेल, तर ती खिडकी उत्तरेची असूच शकत नाही. म्हणजे हा फोटो त्या फ्लॅटचा नाही. बहुधा त्याच इमारतीतल्या दुसऱ्या विंगमधला, जरा बरा दिसणारा. पृथ्वीचा कललेला अक्ष इथे एका टू बीएचकेच्या व्यवहारात साक्ष देतो.

तुलना काटेकोर हवी, हा आग्रह जुना आहे. पुण्यातल्या एका भूसंपादनाच्या वादात, चिमणलाल हरगोविंददास खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये जमिनीच्या तुलनेची कसोटीच घालून दिली. रस्त्याची जवळीक, दर्शनी रुंदी, चौकोनी आकार, समपातळी या जमेच्या बाजू. रस्त्यापासूनचं अंतर, चिंचोळा पट्टा, भर घालावी लागेल अशी सखल जागा या उणे बाजू. पुन्हा वाचताना लक्षात येतं की यातल्या बहुतेक गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या आहेत. पावसाळ्यात काढलेल्या एका फोटोत प्लॉटवर साचलेलं पाणी दिसलं, तर सखलपणाचा वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

फोटो फसवतातही. नमुना फ्लॅटचे फोटो साऱ्या इमारतीच्या नावावर खपवले जातात, एकच स्वयंपाकघर तीन जाहिरातींत फिरतं. त्यासाठी इंटरनेटवर फोटोवरून फोटो शोधता येतो, आणि गूगल अर्थवरच्या जुन्या उपग्रह चित्रांत त्या वर्षी गच्चीवर पत्र्याची शेड होती का, इमारतीची सावली किती लांब पडत होती, हे ताडता येतं. जाहिरातीतला आकडा मात्र सोडून द्यायचा. तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. मिळालेला निदान कागदोपत्री तरी इंडेक्स टूवर आहे. एका ठिकाणाहून रक्कम घ्यायची, दुसऱ्या ठिकाणाहून घराची अवस्था, आणि दोन्ही एकाच घराच्या आहेत ना, हे फरश्या-सावल्यांवरून पटवून घ्यायचं.

यात एकच घाई आहे. घर विकलं की जाहिरात उतरते आणि फोटो तिच्याबरोबर जाऊ शकतात. म्हणून दिसल्या दिवशीच ते तारखेसह साठवावे लागतात. पुढे कधी तो दस्त तुलनेला घेतला, की ती तारीख दहाव्या रकान्यातल्या नोंदणीच्या तारखेशी लावून पाहायची. फोटो आधीचा हवा, पण मधे एखादा पावसाळा गेला असेल तर स्लॅबच्या अवस्थेबद्दल त्यावर विसंबता येत नाही.