हजार दाण्यांचं वजन

गव्हाच्या उत्पादनाशी जोडलेल्या जनुकीय मार्करांचा आढावा बुटकेपणाच्या जनुकांपासून सुरू करायचा, असा रिवाज आहे. तो उरकून टाकू. जपानच्या नोरिन १० या गव्हातली दोन जनुकं बोरलॉगच्या बियाण्यातून १९६३ मध्ये आपल्याकडे आली, कल्याणसोना आणि सोनालिका शेतात उभ्या राहिल्या, २००२ मध्ये त्या जनुकांचे नेमके मार्कर हाती आले. पुढे एसएसआर आणि एसएनपी हे मार्कर, मग २०१८ चा गव्हाचा संपूर्ण जीनोम. ही वंशावळ कुठल्याही प्रबंधात सापडेल.

माझा जीव अडकलाय तो हजार दाण्यांच्या वजनात. आमच्या अहिल्यानगरच्या मुळा-प्रवरा पट्ट्यात ऊस तुटून रान मोकळं होईतो डिसेंबर उजाडतो, मग गहू पडतो. दाणा चिकात असतानाच उन्हाचा चटका बसतो आणि पोसायचे दिवस आखडतात. फुटवे भरपूर, ओंबी लांब, दाणा मात्र चपटा. गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेला लोकवन गहू गिऱ्हाईक अजून नावानिशी मागतं, ते त्या टपोऱ्या दाण्यापायी.

म्हणून टीएजीडब्ल्यू२ या गव्हातल्या जनुकावर माझं विशेष प्रेम. भातातला त्याचा भाऊबंद २००७ मध्ये सापडला. हे जनुक दाण्याच्या वाढीला लगाम घालतं. गव्हात त्याच्या तीन प्रती. सहा-ए गुणसूत्रावरची एक निकामी केली तर दाण्याचं वजन सहा-सात टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. पण दाणा जाड झाला की ओंबीतली दाण्यांची संख्या घटू शकते आणि पोत्यांचा हिशेब जागच्या जागी राहतो. प्रथिनं वाढवणाऱ्या जीपीसी-बी१ चंही असंच: झाड लवकर पिवळं पडतं आणि दाणा कधीकधी हलका भरतो.

मेरठला पी. के. गुप्तांच्या गटाने दाण्याच्या वजनाचे गुणसूत्रांवरचे पट्टे शोधले. त्या गटातले पवन कुलवाल पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात आले. धागा दारापर्यंत आला होता. पण मार्कर बाहेरून आणा, शेतातल्या चाचण्या मागाहून बघू, असं म्हणणारे विद्वान आमच्यात कमी नाहीत. त्यांनी जिरायत गहू पेरून पाहावा. ओल खाली असते, बी खोल पडतं. नोरिनच्या जनुकांनी कोंबावरचं वेष्टनही आखूड होतं, आणि कोंब वर यायच्या आतच दमतो. जुना उंच बन्सी गहू तेवढ्या खोलीवरून सहज उगवायचा.

निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे त्र्यंबक आणि तपोवन वाण वाफ्यात उकिडवं बसून निवडलेले. आता विद्यार्थी मार्करची जेलवरची पट्टी झोकात दाखवतो. दाणे वाळवून मोजलेत का विचारलं की मजुराकडे बघतो. एकच संकरित वंशसंच निफाड आणि राहुरीला, नोव्हेंबरात वेळेवर आणि डिसेंबरात उशिरा, असा दोनदा पेरा. दोन्ही पेऱ्यांत जो मार्कर वजनाशी इमान राखेल, तेवढाच आमच्या कामाचा. हे एका बैठकीत मांडलं तेव्हा उत्तर मिळालं, निधी जीनोमिक निवडीसाठी आहे, वजनकाट्यासाठी नाही.